देवांचा डबा घेऊन गोतोला

निघण्याआधी, ओजिमा

जपानच्या नकाशात अगदी डावीकडे खाली, नागासाकीच्याही पलीकडे, समुद्रात कुणीतरी मूठभर खडे भिरकावल्यासारखी बेटं दिसतात. ती गोतो. मी अकरा वर्षं टोकियोत राहतेय आणि अकरा वर्षं त्या खड्यांवर बोट ठेवून म्हणतेय, "इथे एकदा जायचंच." या मार्चच्या शेवटी गेले एकदाची! आल्यापासून जो भेटेल त्याला सांगत सुटलेय. टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये लोक मला टाळायला लागलेत, म्हणून आता लिहूनच काढते.

आम्ही तिघं गेलो. मी, माझी नऊ वर्षांची लेक सई आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले माझे सासरे. नवरा निखिल ऐन वेळी ऑफिसच्या रिलीजमध्ये अडकला. दर मार्चला अडकतो, त्याचं आता कुणाला काही वाटत नाही.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, आवाज खणखणीत. जन्मभर पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होते, त्यामुळे कुठल्याही पाण्याबद्दल त्यांचं ठाम मत असतं. चार वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. तोवर देवपूजेवरून त्यांची चेष्टा करणारे बाबा दुसऱ्या दिवसापासून स्वतः पूजेला बसू लागले. जातील तिथे देव बरोबर नेतात. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, महादेवाची पिंड आणि कुलदैवताचा चांदीचा टाक, असे पाच जण एका चपट्या स्टीलच्या डब्यात, लाल कापडात गुंडाळलेले. ओजिमात रोज सकाळी माझा लॅपटॉप बाजूला सरकवून जेवणाच्या टेबलावर पूजा व्हायची.

फेब्रुवारीत एकदा जेवताना बाबा म्हणाले, "मृणाल, इथे कुठे स्वच्छ समुद्र आहे का? गर्दी नसलेला?"

मी उडालेच. "गोतो!" म्हणून ओरडले आणि फोनवर फोटो दाखवायला लागले. पांढरी वाळू, हिरवं-निळं पाणी, माणूस औषधाला नाही. बाबांनी फोटो नीट पाहिले. मग म्हणाले, "हे चालेल. मला देवांचं विसर्जन करायचंय."

निखिलने हातातली पोळी ताटात ठेवली.

"माझ्यानंतर कोण करणार?" ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. "कुणावर लादायचं नाही. धूळ खात पडण्यापेक्षा माझ्या हातांनी पाण्यात सोडलेले बरे."

"मग पुण्यातच..." निखिल चाचरत म्हणाला.

"मुठेत? त्या पाण्यात मी पाय घालत नाही, देव घालू?"

त्यांचं टोकियोचं पाणीही तपासून झालं होतं. उरायासुला आमच्या मित्रांकडे गेलो तेव्हा खाडीच्या काँक्रीटच्या कठड्यावरून वाकून पाहिलं आणि नापास केलं.

"मी करेन," असं मी त्या वेळी म्हणायला हवं होतं. निखिल ताटात बघत बसला आणि मी सिंककडे वळले. माझ्या गप्प बसण्याला कारण होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाई, म्हणजे आई, आणि बाबा दहा दिवस दक्षिणेत गेले होते आणि पूजा माझ्यावर सोपवली होती. नवी नोकरी, रोजची धावपळ. मी शेवटचे दोन दिवस साफ विसरले. आई परत आल्या तेव्हा देवांवरची फुलं कुजून वास येत होता. त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. पदर खोचला, देव घासले, दिवा लावला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचं ते न बोलणं अजून माझ्या पाठीत बसलेलं आहे. त्या दिवशी मी स्वतःला सांगून टाकलं की हे आपल्याला जमणारं काम नाही.

पण खरं सांगू? तिकिटं हातात पडली आणि मी सगळं विसरून हुरळून गेले. एवढी गोतोची हौस होती मला!

पहिला दिवस

विमान, बस, मोठी बोट, छोटी बोट हा सगळा भाग मी गाळते. एकच गोष्ट सांगते. हानेदा विमानतळावर तपासणीत बाबांचा डबा अडकला. मशीनच्या पडद्यावर पाच छोटे धातूचे आकार बघून तिथल्या तरुण मुलीने विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, "कामिसामा." देव. तिने लाल कापड उघडलं, पाहिलं, पुन्हा होतं तसंच गुंडाळलं आणि झाकण लावून डबा दोन्ही हातांनी बाबांना दिला. बाबा पुढे तासभर म्हणत होते, "बघ, एका हाताने नाही दिला!"

बेटावर उतरलो आणि मी वेडीच व्हायची राहिले. रस्त्याच्या दोन्ही कडांना त्सुबाकीची, म्हणजे कॅमेलियाची झाडं आणि खाली लाल फुलांचा सडा. पाकळ्या विखरून पडत नाहीत, अख्खं फूल तसंच्या तसं टपकन खाली येतं. वळण संपलं की समुद्र, पुढचं वळण संपलं की पुन्हा समुद्र, आणि प्रत्येक वेळी रंग वेगळा. मी दर वळणाला किंचाळत होते. सईने शेवटी कानात बोटं घातली आणि जपानीत म्हणाली, "मामा, उरुसाई." आई, कटकट करू नकोस.

आम्ही उतरलो होतो कियोको-सान यांच्या घरी. वय ऐंशीच्या पुढे, उंची सईपेक्षा वीतभर जास्त, कंबरेत वाकलेल्या, पण चालणं असं की आपल्याला धाप लागावी. घराच्या तीन खोल्या त्या प्रवाशांना देतात. त्यांची बोली मला अर्धीच कळायची. सईला माझ्यापेक्षा जास्त कळायची, आणि हे ती मला मिनिटामिनिटाला ऐकवायची.

संध्याकाळी पंचाईत झाली. गोतोचे उदोन, म्हणजे लांबच लांब शेवया, फार प्रसिद्ध. पण त्यांचं सूप माशांचं. बाबा पक्के शाकाहारी. मी आधी कळवलं होतं, तरी कियोको-सान यांच्या मते सुक्या माशाचं पाणी हा काही मासा नव्हे. ओजिमात मी हे युद्ध दर आठवड्याला लढते. पण बाबा शांतपणे उठले, खोलीतून मेतकुटाची आणि तुपाची बाटली घेऊन आले. चुलीवर लोखंडी भांड्यात नुसत्या पाण्यात उदोन रटरटत होते, सूप वेगळं होतं. बाबांनी त्यातले वाफाळते उदोन थेट आपल्या वाडग्यात काढून घेतले, वर तूप, वर मेतकूट, आणि सपासप आवाज करत खाल्ले. जपानमध्ये असा आवाज करून खाणं शिष्टाचारात बसतं. पुण्यात याच आवाजावरून सासूबाई त्यांना चाळीस वर्षं रागावत होत्या.

कियोको-सान यांनी आपला वाडगा मुकाट्याने पुढे केला. चव घेतली. मग आणखी मेतकूट मागितलं. त्या दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघंही रात्रीच्या जेवणाच्या शेवटापर्यंत अखंड बोलत होते.

जेवणानंतर वाळवलेल्या रताळ्याचा गोड मोची, म्हणजे चिकट वडी, आला, निखाऱ्यावर भाजलेला. बाबांनी पहिला तुकडा खाऊन विचारलं, "हा उपासाला चालेल का गं?" मी म्हटलं, तांदूळ आहे त्यात. "मग नाही चालणार," म्हणाले आणि तिसरा तुकडा उचलला. त्या दिवशी उपास नव्हताच.

दुसरा दिवस

सकाळी चर्च पाहायला निघालो. गोतोत जागोजाग चर्च आहेत आणि त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. जपानात ख्रिस्ती धर्मावर एके काळी बंदी आली. जो सापडेल त्याचे हाल. तेव्हा कित्येक कुटुंबं या दूरच्या बेटांवर येऊन राहिली, वरवर बौद्ध झाली आणि आत आपला देव सांभाळत राहिली. पिढ्यानपिढ्या. बंदी उठल्यावर काहींनी ही चर्च बांधली.

आम्ही पाहिलं ते झाडीत लपलेलं छोटंसं लाकडी चर्च होतं, फिकट पिवळसर, खिडक्यांना आभाळी रंग. दारात पाटी: चपला काढा. बाबांना केवढा आनंद झाला! "चर्चमध्ये चपला काढायच्या? मग हे आपलेच लोक." आत जमिनीवरून अनवाणी फिरताना पायांना लाकडाचा थंडावा लागत होता. रंगीत काच परवडली नाही म्हणून कोळ्यांच्या मूठभर घरांनी साध्या काचांवर हाताने फुलं रंगवली होती. खांब साध्या लाकडाचे, पण त्यावर रंगाने भारी लाकडाच्या रेषा काढलेल्या. एकेक रेष, हाताने! मी गुडघ्यावर बसून ते खांब बघत होते आणि मला का कोण जाणे रडू येत होतं. एवढी माया मी तरी कुठल्या गोष्टीवर केलीय?

दुपारी ही सगळी वर्णनं मी कियोको-सान यांच्यापुढे हातवारे करून करत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमचं घर त्या चर्चमध्ये कधी गेलं नाही."

म्हणजे काय ते मला कळेना. त्या उठल्या आणि आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. अडगळीची खोली. रजया, लोणच्याच्या बरण्या, तुटका पंखा. एक फडताळ उघडून त्यांनी आतलं कापड बाजूला केलं. वीतभर उंचीची पांढरी चिनीमातीची बाई, मांडीवर बाळ.

ही कान्नोन, बौद्धांची करुणेची देवी. निदान बघणाऱ्याला तसं वाटावं. पण या घरात ती मारिया होती, येशूची आई. बंदी उठली तेव्हा पुष्कळजण चर्चमध्ये गेले, पण यांच्या पूर्वजांना वाटलं, बाप-आजोबांनी जशी लपवून पूजा केली तशीच करावी. कियोको-सान यांचे आजोबा तिच्यापुढे प्रार्थना पुटपुटायचे. त्यातला एकही शब्द घरात कुणाला कळत नसे.

मी हे बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "आम्हाला तरी कुठे कळतात? म्हणतो आपले." मग वाकून त्या मूर्तीकडे बराच वेळ पाहत राहिले. "ही तर यशोदा," म्हणाले आणि हात जोडले.

कियोको-सान यांचा मुलगा ओसाकाला असतो. तो म्हणतो, मूर्ती संग्रहालयाला देऊन टाक. माणसं येऊन पाहूनही गेली. कियोको-सान यांचं अजून ठरत नाही.

"तिथे चांगलं ठेवतील," त्या म्हणाल्या. "काच असेल, दिवा असेल. पण मी रोज सकाळचा पहिला चहा हिच्यापुढे ठेवते. तिथे चहा कोण देणार?"

"रोज?" मी विचारलं. माझा आवाज मलाच वेगळा लागला. "कधी विसरत नाही तुम्ही?"

"विसरते की! या वयात? आठवड्यातून एकदा तरी विसरते."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी माफी मागते." त्या हसल्या. पुढचे दोनच दात दिसले. "अडीचशे वर्षं बिचारी अंधारात बसली. एक दिवस चहा नाही मिळाला म्हणून रागावेल?"

बाबांनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी शब्दन्शब्द सांगितलं. चहा घ्यायला सगळे बाहेर गेले तरी मी त्या बरण्यांच्या वासात उभीच होते.

तिसरा दिवस

सकाळी बाबांनी आंघोळ करून पूजा केली, देवांवर अक्षता वाहिल्या. मला ठाऊक होतं ते काय करतायत. उत्तरपूजा. देवांना निरोप. सई शेजारी बसून उदोनच्या उरलेल्या शेवया खात होती. तिला आम्ही नीट काही सांगितलंच नव्हतं. आजोबांना समुद्रावर पूजा करायचीय, एवढंच.

कियोको-सान यांनी दाखवलेली वाट झाडीतून खाली उतरली आणि समोर तो किनारा उघडला. देवा! पांढरी वाळू आणि काचेसारखं पाणी. तळाचे शिंपले मोजता यावेत इतकं नितळ. दोन्ही बाजूंना काळे खडक, वर घारी, आणि अख्ख्या किनाऱ्यावर आम्ही तिघं. मी चपला फेकून धावतच सुटले. पाणी बर्फासारखं होतं, तरी धावले. सई माझ्यामागे, आणि मागून बाबांचा खणखणीत आवाज: "पास! हे पाणी पास!"

मग त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, डबा छातीशी धरला आणि पाण्यात शिरले. माझे पाय वाळूत रुतून बसले. आत्ता बोल, मी स्वतःला म्हणत होते, आत्ता बोल.

गुडघाभर पाण्यात बाबांनी झाकण काढलं. लाल कापड उघडून बाळकृष्ण हातात घेतला.

"आजोबा, दामे!"

सई. दामे, म्हणजे असं करायचं नाही, असं ओरडत दोन्ही हातांची फुली करून पाण्यातून धावत आली. शाळेत शिकवलेलं तिचं सगळं ज्ञान उसळून आलं होतं. "समुद्रात टाकायचं नाही! हे पितळ आहे. हे फुनेन गोमी!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतेय ती?"

मेले मी. पण सांगावं लागलं. "न जळणारा कचरा, बाबा. म्हणतेय की तो समुद्रात नाही टाकायचा."

"महिन्यातून दोनदाच नेतात," सई घाईने त्यांना समजावत होती, "पण आपण ओजिमात ठेवू ना तोपर्यंत. पारदर्शक पिशवीत. आणि तो चांदीचा वेगळा द्यावा लागेल बहुतेक."

मला वाटलं आता धरणी दुभंगेल तर बरं. बाबांचा चेहरा आधी लाल झाला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, आणि मी पाण्यात धावले. पण ते हसत होते! सासूबाई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता तोल गेला, तेवढ्यात एक लाट आली, मी त्यांना दंडाला धरलं, त्यांनी डबा पोटाशी धरला, आणि झाकण मात्र सुटलं. ते पाण्यावर उताणं पडलं आणि होडीसारखं तरंगत, चमकत, डुलत खडकांपलीकडे निघून गेलं. विसर्जन झालं ते फक्त झाकणाचं.

त्या गोंधळात कमरेपर्यंत भिजलेली, दात वाजत असताना, मी एकदाची बोलले. "बाबा, मला द्या. मी ठेवते देव. पण रोज नाही जमणार मला. सोवळं नाही जमणार. आणि मी विसरेन. नक्की विसरेन. तुम्हाला ठाऊकच आहे, मी मागेही विसरले होते."

बाबांचं हसू हळूहळू थांबलं. "कधी गं?"

मी ती कुजलेल्या फुलांची गोष्ट सांगितली. आईंचं ते न बोलणंही सांगितलं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

"अगं वेडे," बाबा म्हणाले, "तुझी सासू, सुमनसुद्धा विसरायची. मुलांच्या परीक्षा, माझा डबा, तिची शाळेची नोकरी. मी बघायचो ना. संध्याकाळी गुपचूप यायची आणि पटकन देव घासायची, मला कळू नये म्हणून. ती कोणत्या तोंडाने तुला बोलणार?"

मी तिथेच पाण्यात उभी राहून हमसून हमसून रडले. सई घाबरली. तिला वाटलं तिच्या बोलण्याने झालं.

"ती मला विचारायची, माझ्यानंतर कोण?" बाबा पुढे म्हणाले. "मी म्हणायचो, बघू. चार वर्षं बघतोय." त्यांनी बाळकृष्ण माझ्या ओंजळीत ठेवला. दोन्ही हातांनी.

मग आम्ही त्या पाचही जणांना समुद्रस्नान घातलं. सईने टाकावर पाणी ओतलं आणि थंडी वाजत असेल म्हणून आपल्या टॉवेलने पुसून काढला. घरी गेल्यावर तिने कियोको-सान यांच्यापुढे वाकून गुन्हा कबूल केला की आमच्याकडून एक झाकण समुद्रात गेलं. कियोको-सान यांनी खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग पडलेले देव पाहिले आणि एक जुनं खारवलेलं उमे, म्हणजे त्यांचं आंबट आलुबुखार, आणून दिलं. आपल्या चिंचेसारखंच काम करतं ते. देव लखलखले. झाकण नसलेला डबा काही प्रवासाला चालणार नव्हता, म्हणून त्यांनी चहाचा एक रिकामा पत्र्याचा डबाही दिला. निघताना बाबांनी त्यांना उरलेलं सगळं मेतकूट देऊन टाकलं. मूर्तीचं काय ठरवलंत, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. बोटीवरून मागे पाहिलं तेव्हा त्या धक्क्यावर उभ्या होत्या आणि बोट वळेपर्यंत हात हलवत होत्या.

परत ओजिमात

देव आता आमच्या भिंतीतल्या फडताळात, वरच्या कप्प्यात आहेत. खाली रजया आहेत, शेजारी निखिलचे जुने कीबोर्ड. फ्रिजवर आमच्या वॉर्डचं कचऱ्याचं कॅलेंडर लागलेलं असतं. त्यावर सईने गुरुवारच्या रकान्यात, जळणाऱ्या आणि न जळणाऱ्याच्या अधेमधे, पाच छोटे गोल काढलेत. गुरुवारी ती फुलं आणते. इतर दिवशी मी ऑफिसला निघायच्या आधी पहिला चहा ठेवते. बाबा साखर घालायला सांगून गेलेत.

ते एप्रिलच्या सुरुवातीला पुण्याला परतले, रिकाम्या हाताने आणि चार वर्षांत पहिल्यांदाच नुसत्या कपड्यांची बॅग घेऊन. रोज फोन करतात, पण देवांचं काही विचारत नाहीत.

मागच्या मंगळवारी मी विसरले. बुधवारी सकाळी आठवलं. फडताळ उघडलं, कालचा चहाही आजच्याबरोबर ठेवला आणि माफी मागितली. मग धीर करून बाबांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"वा!" बाबा म्हणाले. "म्हणजे आता ते तुझे झाले."